मालवणला जाताय? वाळूपलीकडचे चार दिवस असे आखा

मालवण-तारकर्लीला येणाऱ्या बहुतेक मंडळींचा पहिला दिवस ठरलेला असतो: स्कूबा, पॅरासेलिंग आणि सुरमईचं ताट. दुसऱ्या दिवशी दुपारी ‘आता काय?’ सुरू होतं. खरं तर किनाऱ्यापासून तीस-चाळीस किलोमीटरच्या आत कांदळवनाची खाडी आहे, कातळावर कोरलेली चित्रं आहेत, पाचशे वर्षांचा तलाव आहे, कळसूत्री बाहुल्या आहेत, रात्रभर चालणारं नाटक आहे. अडचण एवढीच, की यातलं काहीच मनाला येईल त्या वेळी जाऊन बघता येत नाही. कातळशिल्पं भर दुपारी दिसत नाहीत, सुकतीला, म्हणजे ओहोटीला, खाडीत होडी टेकते, बाहुल्यांचा खेळ आधी फोन केल्याशिवाय होत नाही आणि दशावतार मध्यरात्र उलटल्याशिवाय रंगत नाही. त्यामुळे ठिकाणांची यादी नंतर, वेळांचं गणित आधी.

पंचांग उघडा

हॉटेलच्या आधी तिथी बघायची. भरतीची वेळ रोज साधारण ४८ मिनिटांनी पुढे सरकते आणि ती चंद्रावर चालते, म्हणून तिथीवरून तिचा अंदाज काढता येतो. तिथीच्या आकड्याला ४८ मिनिटांनी गुणायचं. येणारा वेळ बारापासून पुढे मोजायचा, दुपारच्याही आणि रात्रीच्याही, कारण दिवसात दोन भरत्या येतात. पौर्णिमा-अमावास्या म्हणजे १५, म्हणजे पुन्हा बारा. हा हिशोब मुंबईला जुळतो. मालवण दक्षिणेला आहे आणि भरती दक्षिणेकडून वर चढत येते, म्हणून इथे त्यातून तासभर वजा करायचा.

उदाहरणार्थ, पंचमी. ५ गुणिले ४८ म्हणजे २४० मिनिटं, म्हणजे चार तास. चारातून एक गेला, भरती दुपारी तीनच्या आसपास. ओहोटी तिच्या सव्वासहा तास आधी, म्हणजे सकाळी पावणेनऊला. द्वादशीला हाच हिशोब केला तर भरती सकाळी साडेआठच्या सुमारास येते. पक्ष शुद्ध असो वा वद्य, गणित तेच.

हा ठोकताळा आहे, तासाभराचा फरक पडू शकतो. शिवाय या किनाऱ्यावर दिवसातल्या दोन भरत्या सारख्या उंचीच्या नसतात. म्हणून दिवस ठरवण्यापुरता तो वापरायचा आणि नेमकी वेळ आदल्या संध्याकाळी जेटीवरच्या कोणालाही विचारायची: ‘उद्या सुकती कधी?’ पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असतं, तेव्हा पाणी जास्त चढतं आणि जास्त उतरतं. अष्टमीच्या आसपास भांग असतो, तेव्हा फरक थोडाच. मुंबईत उधाणाचा फरक चार मीटरच्या वर जातो, मालवणकडे तो दोन-सव्वादोन मीटरच असतो. पण उथळ खाडीत होडी चालणार की रुतणार, हे ठरवायला तेवढा पुरतो.

थोडक्यात, सकाळी होडीतून खाडी बघायची असेल तर एकादशी-द्वादशीच्या आसपास या. चिखलावरचे पक्षी, खेकडे आणि निवट्या (चिखलात उड्या मारणारे मासे) बघायच्या असतील तर तृतीया ते पंचमी. जत्रेतला दशावतार हवा असेल तर कार्तिकी पौर्णिमेनंतरचे तीन-चार महिने.

मुक्काम एकाच जागी नको

चारही रात्री तारकर्लीत काढणं ही सगळ्यात नेहमीची चूक. मालवणहून सावंतवाडीला जाऊन परत यायचं तर दिवसातले तीनेक तास रस्त्यावर जातात, कारण रस्ते अरुंद आणि वळणावळणाचे आहेत; नकाशावरच्या किलोमीटरवर भरवसा ठेवू नये. दोन रात्री मालवण शहरात किंवा जवळपास, दोन रात्री वेंगुर्ला, परुळे किंवा कुडाळ भागात, अशी विभागणी बरी. मुक्काम घरगुती असेल तर खोली ठरवतानाच विचारून घ्या: सकाळी सहाला चहा मिळेल का, आणि रात्री दोनला परत आलो तर दार उघडेल का? पुढचे निम्मे बेत या दोन उत्तरांवर अवलंबून आहेत.

मालवणला रेल्वे नाही. कुडाळ स्थानक जवळचं, तिथून मालवण साधारण २८ किलोमीटर. कणकवली त्याहून लांब. कुडाळ-मालवण एसटी दिवसा ठीक मिळते. सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारावर, जायला आणि रात्रीच्या जत्रेला मात्र स्वतःची गाडी किंवा ठरवलेली रिक्षा हवी. रिक्षा ठरवताना भाडं फक्त अंतरावर बोलू नका, थांबण्याचे तास आधीच सांगा. सड्यावर दोन तास ताटकळावं लागलं की वाद तिथूनच सुरू होतो.

पहिला दिवस: किल्ला, पण तासाभरात नव्हे

सिंधुदुर्ग सगळेच बघतात आणि बहुतेकजण अर्धवट बघतात. जेटीवरून होडी पंधरा मिनिटांच्या आत किल्ल्यावर पोहोचते, पण ती साधारण तासाभराने परत निघते. तटाचा फेरा जवळपास तीन किलोमीटरचा आहे. तासात दरवाजा, देऊळ आणि एखादी विहीर एवढंच होतं. म्हणून तिकीट काढतानाच विचारा की नंतरच्या होडीने परतलं तर चालेल का. सकाळच्या पहिल्या होड्यांना गर्दी कमी असते, तेव्हा हे सहज जमतं. शनिवार-रविवारी दुपारी जमत नाही.

कुरटे बेटावर २५ नोव्हेंबर १६६४ रोजी बांधकाम सुरू झालं आणि तीन वर्षांत पूर्ण झालं. होडीतून जाताना मुद्दाम दरवाजा शोधा: दोन बुरुजांच्या आड तो असा वळवलेला आहे की अगदी जवळ जाईपर्यंत दिसत नाही. आत शिरल्यावर तटावरच्या दोन छोट्या घुमट्या बघा, चुन्यात उमटलेले हाताचे आणि पायाचे ठसे तिथे आहेत. ते शिवाजी महाराजांचे मानले जातात. मग शिवराजेश्वराचं देऊळ. त्यानंतर दूधबाव, साखरबाव आणि दहीबाव. चारही बाजूंनी खारं पाणी असताना या विहिरींना गोडं पाणी आहे. बेटाच्या पोटात मुरलेलं पावसाचं पाणी वजनाने हलकं असल्यामुळे खाऱ्या पाण्यावर तरंगून राहतं. जागा बरोबर निवडली आणि उपसा बेताचा ठेवला तर विहीर गोडी राहते. शेवटी पश्चिमेचा तट चालून या. टोपी आणि पाणी हवंच, सावली नाही. आत अजूनही लोक राहतात, तेव्हा अंगणात शिरून फोटो काढू नका.

परतल्यावर सुकती असेल तर मोरयाचा धोंडा पायी जाऊन बघा. किल्ल्याच्या बांधकामापूर्वी पूजा झाली ती ही जागा, असं मानतात. पद्मगडापर्यंतही खालच्या ओहोटीला दांडीच्या किनाऱ्याकडून चालत जातात. पण पाणी वळण्याच्या किमान तासभर आधी परत फिरा, आणि गावातला माणूस बरोबर नसेल तर जाऊच नका. भरती समोरून येत नाही, मागच्या सखल भागातून आधी भरते.

संध्याकाळी मासळीचा लिलाव. होड्या लागल्या की मासळीचे ढीग वाळूवर किंवा टोपल्यांत मांडले जातात आणि बोली सुरू होते. वजनाचा काटा नसतो, ढिगावर बोली लागते, त्यामुळे नजरेचं काम. घेणाऱ्या बायकांच्या मागे उभे राहा, मध्ये नको. हे बायकांचं रोजचं पोट आहे, कॅमेरा नाकासमोर धरला की खरमरीत मालवणी ऐकायला मिळते, आणि ती योग्यच असते. स्वतःला मासे हवे असतील तर लिलावात न पडता शेजारी बसलेल्या विक्रेतीकडून घ्या. कल्ले लालभडक, डोळा फुगीर आणि स्वच्छ, बोटाने दाबलं तर खड्डा लगेच भरला पाहिजे. मुक्कामाच्या घरी करून देतात का ते आधी विचारलेलं असावं. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. त्या काळात ‘ताजी सुरमई’ असं लिहिलेला फलक दिसला तर हसून पुढे जायचं.

दुसरा दिवस: सडा, आणि फक्त तिरपं ऊन

कोकणच्या कातळशिल्पांची नऊ ठिकाणं २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य वारसा यादीत आली. त्यातली सात रत्नागिरी जिल्ह्यात, एक गोव्यात, आणि एक मालवण तालुक्यात: कुडोपी. मालवणहून गाडीने साधारण तासभर लागतो. उघड्या जांभ्याच्या सड्यावर साठाहून अधिक आकृत्या कोरलेल्या आहेत: माणसं, मासे, पक्षी, भौमितिक चौकटी. ही कोणी आणि नेमकी कधी कोरली यावर संशोधकांचं काम अजून चालू आहे. हजारो वर्षं जुनी, एवढं मानलं जातं. ‘पांडवांनी एका रात्रीत केलं’ हे उत्तर गावात मिळेल, तेही ऐकून घ्या.

इथे सगळं उन्हाच्या कोनावर आहे. रेषा खोल नाहीत, कित्येक ठिकाणी जेमतेम बोटभर, आणि कातळाचा रंग सगळीकडे एकच. सूर्य डोक्यावर असला की सावली पडत नाही आणि आकृतीवर उभं राहूनही ती दिसत नाही. सकाळी साडेआठच्या आत किंवा संध्याकाळी साडेचारनंतर पोहोचा. ऊन आडवं येतं तेव्हा प्रत्येक रेषेची एक कड काळी पडते आणि अख्खं चित्र उठून येतं. सूर्याकडे तोंड किंवा पाठ करून उभे राहू नका. तो बाजूला राहील असं उभं राहायचं. आकृत्या मोठ्या असल्याने उंचीवरून फोटो चांगला येतो, तेव्हा सेल्फीची काठी इथे खरोखर कामाला येते. ड्रोनला परवानगी लागते, आणि जवळ विमानतळ आहे.

रेषा स्पष्ट दिसाव्यात म्हणून काहीजण त्यात खडूची भुकटी भरतात, रंग लावतात, दगडाने घासतात. खडू पहिल्या पावसात जाईल असं वाटतं, पण जांभा सच्छिद्र असतो; भुकटी आत बसते आणि खरा कोरीव काठ कुठला ते पुढच्या अभ्यासकाला कळत नाही. चित्रावर चप्पल घालून चालू नये, गाडी तर मुळीच आणू नये. गावातला माणूस बरोबर घ्या. नुसत्या नकाशावर गेलात तर सड्यावर सगळ्या दिशा सारख्याच दिसतात आणि निम्म्या आकृत्या ओलांडून जाल.

सड्यावर झाड नाही. मार्च ते मे कातळ असा तापतो की नऊनंतर थांबवत नाही. जूनच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंत तोच सडा ओळखू येत नाही: डबकी, कोवळं गवत, सीतेची आसवं आणि सुरुवातीला पांढरी दीपकाडी, जी याच भागातल्या सड्यांवर फुलते. तेव्हा शिल्पांत पाणी साचलेलं असतं आणि कातळ शेवाळाने घसरतो. शिल्पांसाठी हिवाळा, फुलांसाठी पावसाळा. दोन्ही एका फेरीत साधायचा हट्ट करू नये.

सकाळी सडा केलात तर दुपार धामापूरला घालवा. कुडाळ-मालवण रस्त्यालगतचा हा तलाव १५३० च्या सुमाराचा, काठावर भगवतीचं देऊळ आणि तिन्ही बाजूंनी झाडी. २०२० मध्ये आंतरराष्ट्रीय सिंचन आयोगाने त्याला जागतिक वारसा सिंचन वास्तूचा दर्जा दिला. तिथे करण्यासारखं काही नाही, हीच त्याची गंमत; देवळाच्या पायऱ्या थेट पाण्यात उतरतात, बसून राहायचं. पोहू नका आणि साबण लावू नका, हे प्यायचं पाणी आहे. वेळ उरला तर वालावलच्या लक्ष्मीनारायणाचं देऊळ आणि शेजारचं तळं बघून कर्ली नदीच्या काठाने खाली या.

खाडी

देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते, पण संगमावर मोटारबोटींची गर्दी आहे. शांत खाडी हवी तर वेंगुर्ल्याजवळ मांडवी खाडीत स्वामिनी महिला बचत गटाच्या बायका २०१७ पासून वल्ह्याच्या होडीतून कांदळवनाची फेरी घडवतात. आदल्या दिवशी वेळ ठरवावी लागते, आणि ती त्या सांगतील तीच घ्या. इथे भरतीचं गणित त्यांच्याइतकं कोणालाच येत नाही.

चढत्या पाण्यात निघणं उत्तम. उतरत्या पाण्यात अरुंद फाट्यात शिरलात आणि वेळ चुकली तर होडी टेकते, मग दोन-तीन तास डासांच्या संगतीत. सकाळी सात ते साडेनऊ ही सगळ्यात चांगली वेळ: वारा पडलेला असतो आणि खंड्या, बगळे, घारी चरायला निघालेल्या असतात.

झाडं ओळखायला फार लागत नाही. पाण्यात कमानीसारखी मुळं टेकवून उभं ते कांदळ. चिखलातून पेन्सिलींसारखी मुळं वर आलेली दिसली तर तिवर. पान उलटून जिभेला लावा, खारट लागेल, कारण हे झाड जादा मीठ पानातून बाहेर टाकतं. मुळं तशीच वर आलेली पण जाडजूड, शंकूसारखी, आणि फळ हिरवं, चपटं, टोकदार असेल तर चिपी. २०२० पासून ती महाराष्ट्राची राज्य कांदळवृक्ष आहे. काठावरचं काटेरी पानांचं, निळ्या फुलांचं झुडूप ते मारांडी. चिखलात उड्या मारणारी निवटी म्हणजे मासाच, ती ओल्या कातडीतूनही श्वास घेते. लहान मुलं सोबत असतील तर एवढ्यावर एक तास सहज जातो.

कपडे पूर्ण बाह्यांचे आणि मळखाऊ रंगाचे असावेत. लाइफ जॅकेट नको म्हणू नका. फोन दोरीने गळ्यात अडकवा. खाडीच्या चिखलात पडलेली वस्तू शोधायची नसते, तिचा निरोप घ्यायचा असतो.

तिसरा दिवस: पिंगुळी आणि सावंतवाडी

कुडाळपासून दोन-तीन किलोमीटरवर पिंगुळीत ठाकर समाजाची कला आहे: चित्रकथी, कळसूत्री बाहुल्या आणि चामड्याच्या छायाबाहुल्या. गंगावणे कुटुंबाचं ठाकर आदिवासी कलांगण हे संग्रहालय तिथे आहे. परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. संग्रहालय तासात बघून होतं. खेळ बघायचा तर दोन-तीन दिवस आधी कळवा, किती माणसं आहात ते सांगा आणि मानधन विचारून घ्या. दोन माणसांसाठी पूर्ण खेळ मांडणं त्यांना परवडत नाही. मुक्कामाच्या घरातल्या इतर पाहुण्यांना विचारून आठ-दहा जणांचा गट केला तर दोघांचंही भागतं. चित्रकथीत चित्रांची पोथी असते, एकेक चित्र समोर धरून गात गात कथा सांगतात. फक्त चित्र विकत घेऊन निघू नका. गाण्याशिवाय ते अर्धंच कळतं.

तिथून सावंतवाडी वीसेक किलोमीटर. आधी राजवाडा करा, दुपारच्या सुट्टीच्या आत, आणि तिथे गंजिफा रंगवताना बघा. दशावतारी गंजिफाचे १२० पत्ते असतात: दहा अवतार, प्रत्येकाचे बारा. पत्ता गोल असतो. पूर्वी कापडाच्या थरांवर चिंचोक्याची खळ देऊन त्याचा पाया करत. पूर्ण संच महाग वाटेल, पण प्रत्येक पत्ता हाताने रंगवलेला आहे हे बघितल्यावर घासाघीस करवत नाही. बजेट कमी असेल तर सुटे पत्ते चौकटीत बसवून मिळतात.

मग मोतीतलावाच्या काठाने चितारआळीत. लाकडी खेळणी घेताना तीन गोष्टी तपासा. उचलून बघा: जुन्या पद्धतीचं खेळणं पांगाऱ्यासारख्या हलक्या लाकडाचं असतं. ओलसर रुमालाने कोपऱ्यात घासून रंग सुटत नाही ना ते बघा, विशेषतः तोंडात घालणाऱ्या मुलासाठी घेत असाल तर. आणि जोड बघा. फळांच्या टोपलीतलं आंबा-सीताफळ अख्खं कातलेलं आहे की दोन भाग चिकटवलेले आहेत, ते देठापाशी कळतं. ‘हे इथेच केलंय का?’ असं सरळ विचारलं तर दुकानदार सहसा खरं सांगतात, कारण बाहेरून आलेला मालही शेजारीच मांडलेला असतो.

वेंगुर्ला आणि काजू

वेंगुर्ल्यात डचांच्या वखारीचे अवशेष आहेत, आणि १९५७ मध्ये सुरू झालेलं फळ संशोधन केंद्र आहे. वेंगुर्ला-४, वेंगुर्ला-७ या काजूच्या जाती तिथल्याच. घरी बाग असेल तर पावसाच्या तोंडावर कलमं मिळतात का ते विचारा.

काजूचा छोटा कारखाना बघायला मालकाला विचारलं तर बहुधा नकार मिळत नाही, फक्त दुपारच्या जेवणाची वेळ टाळा. क्रम असा: बी वाफवतात, थंड करून एकेक फोडतात, गर भट्टीत सुकवतात, मग वरची तांबडी साल सोलून प्रतवारी करतात. कच्च्या बीला हात लावू नका. टरफलातल्या तेलाने कातडी भाजल्यासारखी सोलवटते आणि डाग आठवडाभर जात नाही. फोडणाऱ्या बायका हाताला तेल किंवा राख लावून बसतात ती त्यासाठीच.

घेताना प्रतीचा आकडा बघा. डब्ल्यू-३२० म्हणजे एका पौंडात, ४५४ ग्रॅममध्ये, सुमारे ३२० गर. आकडा लहान तेवढा गर मोठा आणि महाग. दुकानात पडताळायचं तर शंभर ग्रॅम तोलून मोजा: ३२० प्रतीचे सत्तरच्या आसपास, २४० चे पन्नासच्या आसपास, १८० चे चाळीसच्या आत भरायला हवेत. ८५ भरले तर पाटी एक आणि माल दुसरा. चवीत लहान गर कमी नसतो. भाजीसाठी तुकडा किंवा पाकळी घेतली तर पैसे वाचतात. फेब्रुवारी ते एप्रिल ओले काजूगर मिळतात, त्यांची उसळ हॉटेलात न खाता मुक्कामाच्या घरी करायला सांगा.

स्वयंपाकघरात एक सकाळ

घरगुती मुक्कामाचा खरा फायदा हा, आणि फार थोडे तो घेतात. शिरवाळे, म्हणजे नारळाच्या रसातल्या तांदळाच्या शेवया, शिकवाल का असं आदल्या रात्री विचारा. सकाळी विचारून उपयोग नाही, नारळ खवायचे असतात.

चौघांना दोन वाट्या तांदळाचं पीठ आणि तेवढंच पाणी. पाण्यात मीठ आणि चमचाभर तेल घालून उकळी आली की पीठ घालून उकड काढायची, झाकण ठेवून वाफ द्यायची आणि गरम असतानाच मळायची. मोठ्या लिंबाएवढे गोळे करून उकळत्या पाण्यात सोडायचे. दहा-बारा मिनिटांत वर येतात. मग एकेक गोळा काढून लगेच लाकडी शेवग्यात घालून दाबायचा. इथेच बिघडतं. गोळा निवला तर शेवगा दाबला जात नाही, दोघं लटकले तरी. म्हणून सगळे गोळे एकदम बाहेर काढायचे नाहीत, एक दाबेपर्यंत बाकीचे गरम पाण्यातच राहू द्यायचे. रसाला एका नारळाचं दाट दूध, गूळ, वेलची, चिमूटभर मीठ, रंगापुरती हळद. गूळ थोड्या पाण्यात विरघळवून निवल्यावर दुधात घालायचा. गरम पाकात दूध घातलं की फुटतं.

सोलकढीचंही तेच: एका नारळाला दहा-बारा आमसुलं अर्धा तास भिजवून कोळायची, आणि ती चुलीवर चढवायची नाही. एप्रिल-मेमध्ये आलात तर अंगणात रातांबे फोडणं चालू असेल. सालं त्यांच्याच रसात बुडवून पुन्हा पुन्हा उन्हात घालतात, तेव्हा ती काळी पडून आमसूल होतं. मीठ घालून ठेवलेला रस म्हणजे आगळ.

रात्रीचा दशावतार

कार्तिकी पौर्णिमेपासून गावोगाव जत्रा लागतात. कुठल्या गावात कधी, हे तिथीवर ठरलेलं असतं. मुक्कामाच्या घरी किंवा रिक्षावाल्याला विचारलं की आठवड्याचं वेळापत्रक मिळतं. सोनुर्लीच्या माऊलीची लोटांगणांची जत्रा त्रिपुरी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी. आंगणेवाडीच्या भराडीदेवीची तारीख मात्र देवीच्या कौलाने ठरते, बहुधा फेब्रुवारीत येते, आणि त्या दोन दिवसांत मालवण तालुक्यात खोली मिळत नाही आणि रस्ते तुंबतात. जायचं असेल तर महिनाभर आधी खोली धरा, जायचं नसेल तर ते दिवस टाळा.

पहिल्यांदा बघणाऱ्याला लहान गावाची जत्रा बरी. दहाच्या सुमारास पोहोचा, दर्शन घ्या, ओटी भरायची असेल तर भरा, खाजं घ्या. पालखी फिरून आली की साधारण मध्यरात्री आडदशावतार सुरू होतो: गणपती, सरस्वती, मग काळ्या वेशातला संकासुर येऊन प्रेक्षकांची खेचायला लागतो. मग मुख्य आख्यान, ते पहाटेपर्यंत. संहिता लिहिलेली नसते. कथानक आधी ठरतं आणि संवाद नट रंगमंचावर रचत जातो. बायकांची कामं पुरुषच करतात. पेटी, मृदंग आणि झांज एवढंच संगीत.

चटई, शाल आणि कानटोपी न्या. डिसेंबरात दव पडतं आणि पाठ गारठते. पुढच्या रांगा गावकऱ्यांच्या, बाजूला बसलं की युद्धाचे प्रसंग उलट जास्त चांगले दिसतात. फ्लॅश मारू नका. मालवणी कळत नाही म्हणून घाबरू नका, पुराणकथा ओळखीची असते. राजा शुद्ध मराठीत बोलतो आणि विनोद मालवणीत होतो. झोप आली तर दोनला उठून जाण्यात कोणाला राग नाही. पण दुसऱ्या दिवसाची सकाळ मोकळी ठेवा. आदल्या रात्री दशावतार आणि सकाळी सातची खाडी, हे कागदावरच जमतं.

चौथा दिवस: विजयदुर्ग

मालवणहून आचरा, कुणकेश्वर, देवगड, गिर्ये असा किनाऱ्याकिनाऱ्याने रस्ता जातो. थांबत गेलं तर दिवस पूर्ण लागतो. गिर्याला रामेश्वराच्या देवळात आधी उतरा, जांभा खोदून केलेल्या वाटेने खाली जावं लागतं. मग किल्ला: तीन तट, आणि चालायला दोन तास. १७५६ मध्ये वॉटसन-क्लाइव्हच्या इंग्रजी आरमाराने आणि पेशव्यांच्या फौजेने मिळून तो तुळाजी आंग्र्यांकडून घेतला.

किल्ल्यावर ‘साहेबाचा ओटा’ दाखवतात आणि हेलियमचा शोध इथे १८६८ मध्ये इंग्रज खगोलशास्त्रज्ञ लॉकियरने लावला असं सांगतात. ते तसं नाही. १८ ऑगस्ट १८६८ चं ग्रहण फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ जान्सेनने गुंटूरला पाहिलं, आणि लॉकियरने सूर्याच्या वर्णपटातली हेलियमची रेषा त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये इंग्लंडमधून पाहिली. लॉकियर विजयदुर्गाला आला हे मात्र खरं: २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणाच्या निरीक्षणासाठी, पथक आणि उपकरणं घेऊन. खरी गोष्टही कमी रंजक नाही, गाइडला सांगून बघा.

दोनच दिवस असतील तर

पहिल्या दिवशी सकाळी किल्ला, संध्याकाळी कुडोपीचा सडा. दुसऱ्या दिवशी पाण्याच्या वेळेनुसार खाडी आणि उरलेल्या अर्ध्या दिवसात पिंगुळी. जत्रा असेल तर पहिल्या रात्री, आणि मग खाडी दुपारच्या भरतीला. साधारण मेअखेरपासून किल्ल्याच्या होड्या बंद होतात. तेव्हा त्या जागी धामापूर आणि सावंतवाडी ठेवा. काजू-आमसूल शेवटच्या दिवशी घ्या, आगळाच्या बाटलीचं झाकण चिकटपट्टीने बांधून ती दोन पिशव्यांत ठेवा, तिचा डाग कपड्यांवरून निघत नाही. आणि विजयदुर्ग परतीच्या वाटेवर अर्ध्या दिवसात उरकायला जाऊ नका. देवगडच्या वळणांवरच गाडी चुकेल.